कमी थायरॉईड: गोळी बंद केली तेव्हा काय झालं, आणि वैद्यांनी नेमकं काय दिलं

रानजाई

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. तिचा टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो) १८ आलाय. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि "ही आता कायमची" म्हणाले, तेव्हापासून ती बिथरली आहे. "तू गोळी सोडून आयुर्वेद केलास ना, मला त्या वैद्यांचा नंबर दे," म्हणाली. मी गोळी सोडली होती हे खरं. पुढे काय झालं ते मात्र नातेवाइकांत कुणी बोललंच नाही, मीही नाही. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहिते.

निदान झालं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. त्याआधीचं दीड वर्ष मी स्वतःला आळशी समजत होते. पुण्यातला मे महिना, घरातले सगळे पंख्याखाली आणि मी चादर पांघरून. पाळी दहा-दहा दिवस चालायची. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. सकाळी डोळ्यांखाली सूज, पोट चार-चार दिवस साफ नाही. खाणं आधीपेक्षा कमी आणि वजन मात्र ९ किलोने वाढलेलं. घरचे म्हणायचे, जरा चालायला जात जा. शेवटी केस गळतात म्हणून त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच ४१, फ्री टी-४ (ग्रंथी बनवते ते संप्रेरक) कमी, अँटी-टीपीओ (ग्रंथीवर हल्ला करणारी प्रतिद्रव्यं) भरपूर वाढलेलं. ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि दोन महिन्यांत चादर सुटली.

दोन वर्षं चांगली गेली. मग एका शिबिरात ऐकलं की थायरॉईड 'मुळापासून' जातो. सहा महिन्यांचा कोर्स, अट एकच: गोळी बंद करायची, कारण गोळीने ग्रंथी परावलंबी होते. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. रोज सकाळी डोळे उघडले की पहिली आठवण आजाराची, याचा मला वीट आला होता. गोळी थांबवली, काढा आणि चूर्ण सुरू केलं. पहिले तीन आठवडे इतकं बरं वाटलं की मी चार मैत्रिणींना ते शिबिर सुचवलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसऱ्या महिन्यात आवाज घोगरा झाला. चौथ्या महिन्यात बँकेत फॉर्म भरताना मुलाची जन्मतारीख आठवेना, तेव्हा घाबरले. टीएसएच ६८, कोलेस्टेरॉल २९०. शिबिरवाल्यांना फोन केला तर म्हणाले, शरीरातलं विष बाहेर पडतंय, धीर धरा. मी धीर धरला नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले.

गोळी परत सुरू झाल्यावर आकडे जागेवर आले, पण कोठा जड, जेवल्यावर सुस्ती, अंग दगडासारखं, हे राहिलंच. साताऱ्याला माहेरी गेले असताना वडिलांनी त्यांच्या ओळखीच्या वयस्क वैद्यांकडे नेलं. मी घाबरतच गेले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "गोळी चालू आहे ना?" हो म्हटल्यावरच त्यांनी नाडी धरली. म्हणाले, "ग्रंथीचा जो भाग गेला त्याला पालवी फोडणं माझ्या हातात नाही. तुमचा अग्नी, कोठा आणि झोप, एवढं माझं काम."

त्यांनी दिलं ते असं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत. दुपारची झोप आणि रात्रीचं दही बंद. दिवसभर सुंठ घालून उकळलेलं कोमट पाणी. झोपताना त्रिफळा. तीन महिने कांचनार गुग्गुळ. आठवड्यातून दोनदा कुळथाच्या पिठाने अंग कोरडं चोळायचं, ज्याला ते उद्वर्तन म्हणतात. थायरॉईडची गोळी पहाटे साडेपाचला साध्या पाण्याबरोबर, आणि सकाळी दहाच्या आत त्यांचं एकही औषध नाही, हे त्यांनी कागदावर अधोरेखित करून दिलं.

पंधरा दिवसांत पोट सुधारलं. सहा महिन्यांत ५ किलो उतरले, जेवणानंतरची सुस्ती गेली. गोळीचा डोस? तो ७५ च राहिला. आजही ७५ च आहे, टीएसएच २.८. वैद्यांनी डोस कमी होईल असं कधी म्हटलंही नव्हतं.

तुमच्यापैकी कुणी दोन्ही बरोबर घेत असाल तर अनुभव लिहा. आणि कुणी डॉक्टर किंवा वैद्य वाचत असतील तर चुकलेलं दुरुस्त करा, मावसबहीण हा धागा वाचणार आहे.

गोदाकाठ

एक शंका. गोळी बंद केल्यावर पहिले तीन आठवडे बरं कसं वाटलं? माझ्या आईने महिनाभर गोळी घेतली नाही, काही झालं नाही, म्हणून ती म्हणते की गोळीची गरजच नाही. तिला काय सांगू?

ओपीडी_नंतर

मी फिजिशियन आहे, संभाजीनगरला. गोदाकाठ, याचं उत्तर गोळीच्या स्वभावात आहे. या गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन म्हणजे आपली ग्रंथी बनवते तेच टी-४. शरीरातलं ते निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. गोळी थांबवली की आठवड्याने निम्मं उरतं, दोन आठवड्यांनी पाव, असं करत पाचेक आठवड्यांत जवळपास संपतं. शिवाय ग्रंथीचा जो भाग शाबूत असतो तो थोडंफार बनवत राहतो. त्यामुळे पहिला महिना सहज निघून जातो, आणि त्या महिन्यात जे नवं औषध सुरू असेल त्याला श्रेय मिळतं. आईंचं आत्ता टीएसएच करून घ्या. त्यांना कसं वाटतंय यावर जाऊ नका, कारण हे इतक्या हळू उतरतं की माणसाला ती वयाची सवय वाटते.

टीएसएचबद्दलही एक गैरसमज रोज ऐकते. ते थायरॉईडचं संप्रेरक नाही, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरीचं आहे. शेतात मजूर रेंगाळले की मुकादमाचा आवाज चढतो. थायरॉईड कमी पडलं की टीएसएच चढतं. आकडा मोठा म्हणजे ग्रंथी मंद.

आता 'ग्रंथी परावलंबी होते' याविषयी. रानजाईंचं अँटी-टीपीओ वाढलेलं होतं, म्हणजे हा हाशिमोटोचा प्रकार. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ साली हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. यात शरीराचीच संरक्षक यंत्रणा ग्रंथीला पोखरते. गोळी घेतली तरी पोखरणं चालतं, नाही घेतली तरी चालतं. गोळी फक्त जे कमी पडलं ते भरून काढते. त्यामुळे ती सोडून ग्रंथी 'जागी' होत नाही.

आणि 'कायमची गोळी' या शब्दाने खचणाऱ्यांना मी एक जुनी गोष्ट सांगते. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरांनी अशाच सुजलेल्या, थंड पडलेल्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. त्याआधी या आजारावर हातात काहीच नव्हतं. त्या बाई पुढे २८ वर्षं जगल्या. आज तेच काम मोहरीएवढी गोळी करते.

ओसरी

मी वेगळा अनुभव लिहिते, राग मानू नका. माझा टीएसएच ७.१ होता, टी-४ नॉर्मल. मी गोळी घेतलीच नाही. वैद्यांकडे गेले, चार महिने पथ्य, काढा, सकाळी चालणं आणि उज्जायी प्राणायाम केला. आता ३.४ आहे, दीड वर्ष झालं. मग हे कशाने झालं? आयुर्वेदाने होतच नाही असं ठामपणे म्हटलं की माझ्यासारखीला वाटतं आपण खोटं बोलतोय.

पळसपान

ओसरीताई, तुमचा अनुभव खरा आहे आणि तो इथे हवाच होता. मी वैद्य आहे, कायचिकित्सेत (आयुर्वेदातल्या औषधोपचारांच्या शाखेत) एमडी, नगर जिल्ह्यात चौदा वर्षं व्यवसाय करतो. जरा सविस्तर लिहितो.

टीएसएच थोडा वाढलेला आणि टी-४ नॉर्मल, याला आधुनिक वैद्यकात सबक्लिनिकल म्हणतात. यात १० च्या आत असलेल्या पुष्कळांना लगेच गोळी देत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी करतात, आणि त्यातल्या काहींचा आकडा काहीही न करता खाली येतो. तुमचा कशाने आला हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पथ्य, चालणं, झोप यांनी तुमचं शरीर नक्की सुधारलं असेल. माझ्याकडे असे रुग्ण येतात तेव्हा मीही औषध आणि आहार देतो, आणि बरा झालेला आकडा सगळा माझ्या काढ्याचा असं सांगत नाही. रानजाईताईंचा टीएसएच ४१ होता आणि टी-४ खाली गेलेलं होतं. ती पायरी वेगळी.

आता आयुर्वेदाचं. 'हायपोथायरॉईड' या नावाचा व्याधी संहितांत नाही. लोक 'गलगंड' दाखवतात, पण गलगंड म्हणजे गळ्याशी आलेली, लोंबणारी सूज. सुश्रुतांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात तिचे वातज, कफज आणि मेदोज असे तीन प्रकार सांगितले. कमी थायरॉईडच्या माझ्या बहुतेक रुग्णांच्या गळ्याला सूज नसतेच. त्यामुळे आम्ही लक्षणांवरून जातो: अंग जड, थंडी, मलावरोध, सूज, मेद वाढलेला, त्वचा कोरडी. याचा अर्थ अग्नी मंद, तोही फक्त जठरातला नव्हे, शरीरातल्या धातूंच्या, म्हणजे रस-रक्त-मेद यांच्या, पातळीवरचा, आणि कफ-मेदाने वाट अडवलेली. म्हणून सुंठ, पिंपळी, त्रिफळा, उद्वर्तन, रूक्ष आणि हलका आहार. जुन्या ग्रंथांतलं गलगंडाचं पथ्यही जव, मूग, पडवळ असंच आहे.

कांचनार गुग्गुळाबद्दल दर आठवड्याला विचारणा होते. हा पाठ शार्ङ्गधरसंहितेतला आहे. कांचनाराची साल, त्रिफळा, त्रिकटू, वायवर्णा, वेलची-दालचिनी-तमालपत्र आणि गुग्गुळ. सांगितला आहे गंडमाळा, अपची, अर्बुद, ग्रंथी यांसाठी, म्हणजे गाठी आणि सूज यांसाठी. 'थायरॉईडची आयुर्वेदिक गोळी' म्हणून तो दुकानात मागून घ्यायची वस्तू नाही. गुग्गुळाने उंदरांमध्ये टी-३ (थायरॉईडचं दुसरं संप्रेरक) वाढल्याचे प्रयोग आहेत, पण उंदरांवरून माणसाची गोळी बंद करता येत नाही. गुग्गुळ उष्ण आहे. गरोदर स्त्रीला, जास्त रक्तस्राव असलेल्या पाळीत, रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याला मी देत नाही.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. निदानस्थानाच्या त्याच अध्यायात सुश्रुत सांगतात की गलगंडाला वर्ष उलटलं, श्वास कष्टाने येऊ लागला, तोंडाला चव नाही, रोगी क्षीण झाला आणि आवाज फुटला, तर वैद्याने तो रोगी असाध्य समजून सोडावा. आपलं शास्त्र आपली हद्द स्पष्ट लिहून ठेवतं. रानजाईताईंचा आवाज घोगरा झाला तेव्हा 'विष बाहेर पडतंय' म्हणणाऱ्याने ना आयुर्वेद वाचला होता ना रुग्णाकडे पाहिलं होतं. औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्यात ज्या आजारांची यादी आहे तिच्यात गलगंडही आहे. तो बरा करतो अशी जाहिरातसुद्धा करता येत नाही.

दर्यावर्दी

आम्ही रत्नागिरीचे. ताटात रोज मासळी. आमच्याच वाड्यात चौघींना थायरॉईड. आयोडीन कमी कसं म्हणायचं? माझी भावजय आयोडीनचे थेंब विकत आणून घेतेय.

ओपीडी_नंतर

दर्यावर्दी, भावजयीला ते थेंब आजच थांबवायला सांगा. हाशिमोटोमध्ये जास्तीचं आयोडीन उलट त्रास वाढवू शकतं. आता आपल्याकडे मोठ्या माणसांत आढळणाऱ्या कमी थायरॉईडचं मुख्य कारण आयोडीनची टंचाई नाही, ग्रंथीवर होणारा हा आतला हल्लाच जास्त करून असतो.

टंचाईचे दिवस मात्र खरे होते. हिमालयाच्या पायथ्याशी गावंच्या गावं गलगंडाची होती. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात काही भागांत आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागात साधं मीठ ठेवलं. काही वर्षांत आयोडीनवाल्या भागातला गलगंड उतरला. त्यावरून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पळसपान

याला जोडून सांगतो, मला हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाण्यावरचा अध्याय आहे. कोणत्या पर्वतातून निघालेल्या नद्यांचं पाणी कोणता आजार देतं हे तिथे सांगितलंय, आणि हिमालयातून निघणाऱ्या नद्यांच्या नावे जे आजार आहेत त्यांत गलगंड आहे. आयोडीन हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी कुणीतरी गावोगाव फिरून माना पाहिल्या होत्या. असं निरीक्षण हा आपला वारसा. तो सांभाळायचा तर आजही रिपोर्ट पाहायला लाजायचं नाही.

मिठाचा विषय निघालाच आहे म्हणून. आयुर्वेदात सैंधव श्रेष्ठ, हे मीच रुग्णांना सांगत आलोय. पण साध्या सैंधवात आयोडीन नगण्य असतं. घरातलं सगळं मीठ बदलून फक्त सैंधव वापरायला लागलेल्या घरांत, विशेषतः मासळी-दूध कमी असेल आणि घरात लहान मुलं किंवा गरोदर सून असेल तर, मला काळजी वाटते. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा. ताकाला, सुंठीला, उपासाला सैंधव.

खारीक

कोबी, फ्लॉवर, मुळा बंद करायला सांगितलंय एकीने. दुसरीने बाजरी. आम्ही सोलापूरकडचे, हिवाळ्यात भाकरी बाजरीचीच. सोयाबीनचं पीठ पण मिसळते मी कणकेत. आता खायचं काय?

ओपीडी_नंतर

कोबी-फ्लॉवर शिजवून खा, शिजवल्यावर त्यातला ग्रंथीला अडवणारा अंश बराच कमी होतो. रोज कच्च्या कोबीचा रस पिणं टाळा. बाजरीतही तसे घटक आहेत, सुदानच्या दारफुर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि आयोडीन कमी, तिथे गलगंड दिसला. तुमच्याकडे मीठ आयोडीनचं आहे आणि भाकरी फक्त हिवाळ्यात, तेव्हा खुशाल खा, ज्वारीची आलटून पालटून करा. सोयाबीन मात्र गोळीच्या शोषणात अडथळा आणतं. गोळी आणि सोया यांत अंतर ठेवा, आणि रोज खाणार असाल तर रोज सारखंच खा, म्हणजे डोस त्याप्रमाणे बसवता येतो.

चाफेकळी

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. मला नववा आठवडा सुरू आहे. टीएसएच ६.२ आलाय, अँटी-टीपीओ पण वाढलेलं. मॅडमनी ५० ची गोळी दिलीय. सासूबाई म्हणतात पोटात बाळ असताना रसायनं नकोत, त्यांच्या माहेरच्या एका वैद्यबाई आहेत त्यांच्याकडून काढा आणू. त्या प्रेमानेच म्हणतायत, मला आतापर्यंत त्यांनीच सांभाळलंय. गोळी सहा दिवसांपासून डब्यात पडून आहे. काय करू?

ओपीडी_नंतर

चाफेकळी, गोळी आज सुरू कर. उद्यावर नको. पहिले साधारण तीन महिने बाळाची स्वतःची थायरॉईड पुरेशी चालत नाही, मेंदूच्या वाढीसाठी ते आईच्याच टी-४ वर असतं. ही गोळी म्हणजे तुझ्याच शरीरातलं संप्रेरक आहे, बाळाला परकं नाही. दर चार आठवड्यांनी टीएसएच करायला मॅडम सांगतील, चुकवू नकोस.

पळसपान

बाळा, मी वैद्य म्हणून सांगतो, त्या काढ्याला आत्ता हात लावू नकोस. त्यात गुग्गुळ, चित्रक असं काही असेल तर गरोदरपणात ते नकोच. सासूबाईंना हा माझा प्रतिसाद वाचून दाखव. गर्भिणीला दूध, तूप, साळीचा भात, मऊ आणि गोड आहार, मन शांत, हे आयुर्वेदच सांगतो. ते त्यांनी करावं, तुमच्याच हातचं हवं म्हणावं. गोळी तुझ्या मॅडमची.

रानजाई

चाफेकळी, मी ही चूक केली तेव्हा निदान पोटात बाळ नव्हतं. घेतलीस की इथे फक्त 'घेतली' एवढं लिही. सासूबाईंशी बोलायला कुणी हवं असेल तर मला व्यनि (खाजगी निरोप) कर, मी फोन करीन त्यांना.

सह्यकडा

पुरुषांनाही हा त्रास होतो हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. वय ४४, १०० ची गोळी, सहा वर्षं. ट्रेकला दम लागतो म्हणून मित्राने अश्वगंधा सुचवली. कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या, दिवसाला दोन, डॉक्टरांना सांगितलं नाही. अडीच महिन्यांनी हरिश्चंद्रगड चढताना छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं इथेच संपलं. झोप तर महिनाभर उडालीच होती. खाली उतरून तपासलं तर टीएसएच ०.०५. कॅप्सूल बंद केल्यावर, डोस न बदलता, दीड महिन्यात जागेवर आलं. सगळ्यांना असं होईल असं नाही म्हणत. पण वनस्पती आहे म्हणून निरुपद्रवी असं मी समजत होतो.

पळसपान

चांगलं लिहिलंत. अश्वगंधेवर माणसांमधला अभ्यास आहे: सबक्लिनिकल थायरॉईडच्या ५० जणांत, रोज ६०० मिलिग्रॅम अर्क, आठ आठवडे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. टीएसएच उतरला, टी-४ वाढलं. छोटा आणि थोडक्या दिवसांचा अभ्यास, पण ती थायरॉईडला ढकलते असा संशय घ्यायला पुरेसा. अति ढकलल्याच्या आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. ज्या औषधाला गुण आहे त्याला मात्रा असते. गोळी घेणाऱ्याने अश्वगंधा घेतली तर टीएसएच लवकर तपासायलाच हवा, आणि दोन्ही बाजूंना, डॉक्टरांना आणि वैद्यांना, दोन्ही औषधं माहीत हवीत.

हडसनकाठ

आम्ही न्यू जर्सीत. भारतातून येणारा प्रत्येक जण कुणासाठी तरी डब्या घेऊन येतो. बोस्टन परिसरातल्या दुकानांत मिळणाऱ्या आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली होती, ७० पैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आईला थायरॉईडसाठी कुणी आरोग्यवर्धिनी दिलीय. ती अशीच घेत राहू द्यावी का? ती दोन वर्षं घेतेय, पुन्हा कुणाला दाखवलेलं नाही.

पळसपान

आरोग्यवर्धिनी हे रसौषध आहे, त्यात पारा-गंधकाची कज्जली आणि ताम्रभस्म असतं. नीट शुद्धी करून, ठरावीक दिवस, वैद्याच्या नजरेखाली द्यायचं. दोन वर्षं आपलं आपण घेणं चुकीचंच. थांबवा, आणि आईचं यकृत, मूत्रपिंड यांच्या तपासण्या करून घ्या. डबीवर कुणी बनवलं, परवाना क्रमांक, बॅच आहे का तेही पाहा. नसेल तर ती डबी फेकून द्या.

रानजाई

मावसबहिणीने गोळी सुरू केली. तीच विचारतेय म्हणून गोळी कशी घेते ते लिहिते, कारण मला पहिलं वर्षभर हेच कुणी सांगितलं नव्हतं. उठल्याबरोबर अनशापोटी, साध्या पाण्याने. चहा-कॉफी निदान अर्ध्या तासाने, मी तासाभराने घेते. पोटासाठी इसबगोल असेल तर तो रात्री. बाटलीचं झाकण घट्ट, उन्हापासून आणि ओलाव्यापासून लांब, आणि स्वयंपाकघरात नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद, आकडे चुकीचे येतात. सकाळी जमतच नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं.

ओसरी, तुम्ही लिहिलंत म्हणून धन्यवाद. वर्षातून एकदा टीएसएच बघत राहा एवढंच.

गोदाकाठ

आईचं केलं. टीएसएच २७. तिने स्वतः वाचलं आणि गप्पच बसली. आज सकाळी मी उठायच्या आत तिने गोळी घेतलेली होती.

चाफेकळी

घेतली. त्याच रात्री लिहायचं होतं, राहून गेलं. सासूबाईंना पळसपान दादांचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, वैद्यच म्हणतायत तर मग माझं काही म्हणणं नाही. आता पहाटे पाणी त्याच आणून देतात. चार आठवड्यांनी टीएसएच २.४ आला. आता मॅडमनी लोह आणि कॅल्शियम पण दिलंय. गोळीबरोबरच घेतलं तर चालेल का? आणि बाळाला पण थायरॉईड होईल का, ही भीती मनातून जात नाही.

ओपीडी_नंतर

लोह आणि कॅल्शियम गोळीपासून ४ तास लांब. थायरॉईडची पहाटे, लोह दुपारच्या जेवणाच्या सुमारास, कॅल्शियम रात्री, असं कर. बाळाला होईलच असं अजिबात नाही. पण जन्मल्यावर दोन-तीन दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच तपासतात. सगळ्या दवाखान्यांत ती आपोआप होत नाही, म्हणून नाव नोंदवतानाच मागून ठेव आणि घरी जायच्या आधी झाली का ते विचार. क्वचित एखाद्या बाळात दोष निघतो, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल बहुधा इतरांसारखंच वाढतं. ती तारीख सासूबाईंना लिहून दे, त्या चुकू देणार नाहीत.